लॅम्बर्ट नावाचा शिंप्याचा मुलगा

मराठी विभागासाठी लेख दे असं मॅगझिनच्या सरांनी सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटला. शाळेत मराठी होतं, पण पी.टी.च्या तासासारखं, कोणी सिरियसली घ्यायचं नाही. अजूनही एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन हे मला मनात मोजून बघावं लागतं. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, काही चुकलं तर सांभाळून घ्या. लेख एका अशा माणसावर आहे जो १७७७ साली वारला आणि ज्याच्यामुळे मी गेल्या सेमिस्टरच्या व्हायवात सपशेल आपटले.

आमच्या इलेक्टिव्हला मिनी प्रोजेक्ट असतो. चौघींनी मिळून थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये कुठलीही एक खरी जागा उभी करायची. आम्ही आमच्या हॉस्टेलची मेस घेतली. सनमायकाची टेबलं, बाकं, खणांची स्टीलची ताटं, लाल प्लास्टिकचे जग, खिडक्यांना हिरवे सुती पडदे आणि दरवर्षी चुना मारल्यामुळे पोपडे धरलेली भिंत. आकार सगळे मी केले. दोन आठवडे जागले. ताटाच्या खणांची मापं मी पट्टी घेऊन मेसमध्ये जाऊन घेतली होती, मेसच्या मावशींना वाटलं मी भाजीचं माप काढतेय. मटेरियल आणि रंग हे काम मात्र शेवटच्या रात्रीवर ठेवलं. त्यात काय, रंग तर द्यायचाय, असं वाटलं.

आमच्या लॅबमध्ये मायाचं जुनं व्हर्जन आहे. त्यात कुठलीही नवीन वस्तू तयार केली की ती आपोआप करड्या रंगाची येते आणि तिच्या मटेरियलचं नाव असतं लॅम्बर्ट वन. मी ते नाव शेकडो वेळा वाचलं होतं. त्या रात्री मी भिंतीला तीनही आकडे २५५ टाकून पांढराशुभ्र रंग दिला, जगाला शुद्ध लाल, पडद्याला शुद्ध हिरवा, ताटाला करडा, आणि सगळ्यांची चकाकी फुल केली. रेंडर झाल्यावर आमची मेस प्लास्टिकच्या भातुकलीसारखी दिसायला लागली. पहाटेचे चार वाजले होते. तसंच सबमिट केलं.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी स्क्रीनकडे बघत मला विचारलं की हे लॅम्बर्ट म्हणजे काय. इंजिनिअरिंगच्या मुलीला उत्तर येत नसलं तरी ती गप्प बसत नाही. मी ठोकून दिलं की तो शॉर्ट फॉर्म आहे. लाईट, ॲम्बियंट, मटेरियल इथपर्यंत आत्मविश्वासाने आले आणि बी ला अडकले. सर काही बोलले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न माझ्या रूम पार्टनरला विचारला.

इथे मला एक कबूल करायला हवं. माझी रूम पार्टनर डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम. ती ग्रुपमध्ये होती, पण मी तिला प्रिंट काढणं आणि स्पायरल बाइंडिंग एवढंच काम दिलं होतं. प्रेझेंटेशनमध्ये तिने बोलू नये असंही मीच ठरवलं होतं, कारण तिचं इंग्लिश. तिला पडदा का खोटा वाटतो असं विचारलं. ती अर्ध्या मराठीत म्हणाली की सुती कापड असं चमकत नाही, घडीच्या आतला भाग इतका उजळ राहत नाही, आणि असला हिरवा कोणी रंगारी रंगवूच शकणार नाही. सरांनी आम्हाला आठ दिवस दिले. मटेरियल नव्याने लावून पुन्हा सबमिशन, आणि लॅम्बर्ट कोण हे शोधून आणायचं.

शोधलं. आणि पहिल्याच ओळीत निघालं की तो शिंप्याचा मुलगा. माझ्या रूम पार्टनरची आई तालुक्याच्या गावी ब्लाऊज शिवते. मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

योहान हाइनरिख लॅम्बर्टचा जन्म २६ ऑगस्ट १७२८ रोजी म्यूलूझ गावी झाला. आज हे गाव फ्रान्समध्ये आहे, तेव्हा ते स्विस संघाशी करार करून राहिलेलं छोटं स्वतंत्र नगर होतं. वडील शिंपी, आजोबाही शिंपी. घरात मुलं पुष्कळ आणि पैसा कमी. बाराव्या वर्षी लॅम्बर्टची शाळा सुटली आणि त्याला वडिलांच्या हाताखाली बसवलं. दिवसभर शिवणकाम, रात्री अभ्यास. मेणबत्त्यांना पैसे लागायचे, ते मिळवायला तो चित्रं काढून विकायचा अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, पण पुढे आयुष्यभर मेणबत्तीचा उजेड मोजणाऱ्या माणसाबद्दल ही गोष्ट मला आवडते.

त्याचं अक्षर सुंदर होतं. त्यावर पंधराव्या वर्षी एका लोखंडाच्या कारखान्यात कारकुनाची नोकरी मिळाली. सतराव्या वर्षी बाझल शहरात एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा सेक्रेटरी झाला. तिथे वेळ मिळायचा, तो त्याने गणित, खगोलशास्त्र आणि तत्त्वज्ञान वाचण्यात घालवला. शिकवायला कोणी नाही, क्लास नाही, गाईड नाही. १७४७ मध्ये वडील वारले. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या कूर गावात फॉन सालिस या सरदार घराण्यात मुलांना शिकवायला तो राहिला आणि तिथे त्याचं नशीब उघडलं, कारण त्या वाड्यात मोठी लायब्ररी होती. शिपायाची परवानगी न लागता हवं ते पुस्तक हातात! आठ वर्षं त्याने ती लायब्ररी वापरली. १७५२ पासून तो एक वही ठेवायला लागला, ज्यात दर महिन्याला आपण काय काम केलं ते लिहायचं. ही वही त्याने मरेपर्यंत चालवली. पंचवीस वर्षं! आपली जर्नलं आपण सबमिशनच्या आदल्या रात्री पूर्ण करतो, तेही दुसऱ्याचं बघून.

मग विद्यार्थ्यांना घेऊन त्याने युरोपभर प्रवास केला. गोटिंगेन, उट्रेख्ट, पॅरिस, मार्सेय, तुरीन. विद्वानांना भेटला, पण कुठल्या युनिव्हर्सिटीत नोकरी जमली नाही. डिग्री तर नव्हतीच. शेवटी तो जर्मनीत ऑग्सबर्गला गेला आणि तिथे १७६० साली त्याचं लॅटिन पुस्तक छापलं गेलं. नाव फोटोमेट्रिया, म्हणजे प्रकाशाचं मोजमाप. माझ्या स्क्रीनवरचा लॅम्बर्ट वन या पुस्तकातून आलेला आहे.

आता विचार करा, १७६० साली उजेड कसा मोजणार? मीटर नाही, वीजच नाही. लॅम्बर्टकडे होत्या मेणबत्त्या, काचा, आरसे, भिंगं आणि स्वतःचे डोळे. त्याने ओळखलं की डोळा एखादा उजेड दुसऱ्याच्या किती पट आहे हे सांगू शकत नाही, पण दोन उजेड शेजारी ठेवले तर ते सारखे आहेत की नाहीत हे फार अचूक सांगतो. म्हणून एका पडद्याच्या अर्ध्या भागावर एक दिवा आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसरा पाडायचा, मध्ये आडोसा, आणि दोन्ही अर्धी सारखी दिसेपर्यंत एक दिवा पुढेमागे सरकवायचा. मग अंतरं मोजायची, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. बाकी सगळं गणित.

हे वाचून दाखवल्यावर रूम पार्टनर म्हणाली की मॅचिंग सेंटरमध्ये हेच तर करतात. साडी घेऊन बाई येते, दुकानदार अस्तराचे तुकडे साडीवर एकेक ठेवून बघतो, आणि शंका आली की दोघं दाराशी उन्हात जातात. ट्यूबलाईटखाली जुळलेला रंग उन्हात जुळेलच असं नाही. तिची आई ट्यूबखाली रंग ठरवतच नाही. मी मात्र शेवटच्या रात्री सीनमध्ये पिवळट दिवा लावून रंग निवडत बसले होते! आम्ही पहिलं काम हे केलं की सीनमधले सगळे दिवे साधे पांढरे केले, सगळ्या वस्तूंना तोच करडा लॅम्बर्ट दिला आणि उजेड ठीक पडतोय का एवढंच बघितलं. रंग नंतर.

आता त्याचा मुख्य नियम. टॉर्च भिंतीवर सरळ मारा, लहान आणि उजळ गोल पडेल. तीच टॉर्च तिरकी मारा, गोल लांबट होईल आणि फिका पडेल. उजेड तेवढाच, पण जास्त जागेवर पसरला. किती फिका, ते कोनाच्या कोसाइनवर अवलंबून. सरळ पडला तर पूर्ण, ६० अंश तिरका असला तर निम्मा, ९० अंशाला शून्य. याच्या जोडीला दुसरी गोष्ट अशी की खडबडीत, मॅट पृष्ठभाग मिळालेला उजेड सगळीकडे अशा तऱ्हेने फेकतो की तुम्ही कुठूनही बघा, तो तेवढाच उजळ दिसतो. खडू, चुन्याची भिंत, सुती कापड हे बरेचसे असे वागतात. सॉफ्टवेअर लॅम्बर्ट मटेरियलमध्ये एवढंच करतं. पृष्ठभागाचा प्रत्येक तुकडा दिव्याकडे किती वळलाय ते बघतं, त्याचा कोसाइन काढतं आणि तुम्ही दिलेल्या रंगाला त्याने गुणतं. पडद्याच्या घड्या आपल्याला घड्या दिसतात त्या या गुणाकारामुळे. मी चकाकी फुल केल्यामुळे त्या घड्यांवर पांढरे पट्टे उठले होते आणि पडदा रेक्झिनचा झाला होता.

त्याच पुस्तकात अल्बेडो हा शब्द लॅम्बर्टने आणला. पडलेल्या उजेडापैकी किती हिस्सा परत येतो ते म्हणजे अल्बेडो. ताजा बर्फ ०.८ च्या वर, कोळसा जेमतेम ०.०५. आणि चंद्र साधारण ०.१२! म्हणजे पौर्णिमेचा चंद्र जुन्या डांबरी रस्त्याइतका काळपट आहे, आजूबाजूला काळोख म्हणून चांदीसारखा दिसतो. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये मटेरियलच्या मूळ रंगाला कित्येक ठिकाणी अल्बेडोच म्हणतात. मी भिंतीला तीनही २५५ दिले होते, म्हणजे पडलेला सगळा उजेड परत देणारी भिंत, जी जगात नाही. पांढरा कागदसुद्धा साधारण ०.८ च्या आसपास असतो. शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवाही तसेच. खऱ्या लाल जगात थोडा हिरवा, थोडा निळा असतोच. आम्ही भिंत खाली आणली, जरा पिवळसर केली. लगेच चुना दिसायला लागला. ऑलमोस्ट वासही आला.

उजेड काचेतून किंवा द्रवातून जाताना कसा कमी होत जातो हेही त्या पुस्तकात आहे. फ्रान्सच्या बुगेरने ते त्याआधी १७२९ मध्ये मांडलं होतं, आणि पुढे १८५२ मध्ये जर्मनीच्या बीअरने त्यात द्रावणाच्या तीव्रतेची भर घातली. म्हणजे फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतला बीअर-लॅम्बर्ट लॉ! मागच्या बाकावरची मुलं त्या नावावर काय विनोद करतात ते तुम्हाला माहीत आहेच. मी तो लॉ पाठ करून सात मार्क मिळवले होते आणि स्क्रीनवरचा लॅम्बर्ट तोच माणूस असेल हे मला दोन वर्षांत एकदाही सुचलं नाही. फोटोमेट्रियाचं पूर्ण इंग्लिश भाषांतर व्हायला २००१ साल उजाडलं.

आठ दिवसांतल्या तिसऱ्या रात्री मला स्टेपलर हवा होता म्हणून मी तिच्या कपाटातली फाईल काढली, तर वर ॲडमिशन कॅन्सल करायचा फॉर्म. नाव आणि रोल नंबर भरलेला, कारणाचा रकाना मोकळा. एम-थ्री राहिला होता, लेक्चर डोक्यावरून जात होती, आणि घरी ती सांगत होती की सगळं छान चाललंय. मी तिच्याबरोबर एकाच खोलीत पाच महिने राहत होते. मला माहीत नव्हतं. मी फॉर्म होता तसा ठेवला आणि तिला काही बोलले नाही, कारण काय बोलायचं तेच कळेना. स्पायरल बाइंडिंगचं काम तिला मीच दिलं होतं. त्या रात्री आम्ही लॅम्बर्टचं पुढचं वाचलं.

१७६४ मध्ये तो बर्लिनला आला. तिथल्या सायन्स ॲकॅडमीत जागा हवी होती आणि ती राजाच्या हातात. राजा म्हणजे फ्रेडरिक, ज्याला इतिहासात द ग्रेट म्हणतात. लॅम्बर्टचे कपडे विचित्र, वागणं अवघडलेलं, दरबारी बोलणं अजिबात येत नसे. मुलाखतीची गोष्ट अशी सांगतात की राजाने विचारलं तुला काय काय येतं, तर हा म्हणाला सगळं. कोणाकडून शिकलास, तर स्वतःच. राजाला हा माणूस मूर्ख वाटला आणि नेमणूक लांबली. शेवटी जानेवारी १७६५ मध्ये त्याला घेतलं, आणि नंतर राजाचं मत पार बदललं. मला ही मुलाखत वाचून आमचे कॅम्पस इंटरव्ह्यू आठवले. लॅम्बर्टला आधी ग्रुप डिस्कशनमध्येच काढला असता. रूम पार्टनर मात्र हसली नाही. तो खोटं बोलला नव्हता ना, त्याला येतच होतं, असं तिचं म्हणणं पडलं.

आणि खरंच त्याला येत होतं. ॲकॅडमीत विषयांप्रमाणे विभाग होते आणि कोणत्याही सभासदाला कोणत्याही विभागात निबंध वाचता यायचा, पण हा हक्क नियमित वापरणारा हा एकटाच. आपण शाळेत बावीस सप्तमांश म्हणून सोडून देतो तो पाय कुठल्याही अपूर्णांकाने पूर्ण मांडता येणार नाही हे पहिल्यांदा त्याने सिद्ध केलं, तो निबंध १७६८ मध्ये छापून आला. १७७२ मध्ये नकाशे काढायच्या पद्धती दिल्या, त्यातली शंकूवर आधारलेली एक पद्धत भारताच्या नकाशांसाठीही वापरली गेली आहे, सिव्हिलवाल्यांना ठाऊक असेल. तर्कशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. कांटसारखा तत्त्वज्ञ त्याच्याशी पत्रव्यवहार करायचा. हे सगळं मी एका दमात सांगून टाकतेय, कारण आमच्या कामाचं त्याचं दुसरं पुस्तक याच वर्षातलं आहे. ते रंगांचं.

गोटिंगेनच्या टोबियास मायरने १७५८ मध्ये कल्पना मांडली होती की लाल, पिवळा, निळा हे तीन रंग त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर ठेवून आत त्यांची मिश्रणं मांडावीत. लॅम्बर्टने ती घेतली आणि प्रत्यक्ष रंग कालवायला बसला. कार्माइन लाल, गॅम्बोज पिवळा, प्रशियन निळा. दरबारचा चित्रकार कालाऊ याने तयार केलेलं मेण त्यात वापरलं. लगेच पहिली अडचण. लाल आणि पिवळा सारख्या वजनाने मिसळले तर मधला नारिंगी येतच नाही, लालच वरचढ होतो. म्हणून आधी त्याने कोणत्या रंगात किती जोर आहे ते काढलं आणि त्या हिशेबाने प्रमाण ठरवलं. त्रिकोणाच्या मध्यभागी तिन्ही मिळून काळपट होतं. मग त्याने त्रिकोणावर लहान लहान होत जाणारे आणि फिके होत जाणारे त्रिकोण रचले. सर्वांत खाली ४५ रंग, त्यावर २८, मग १५, १०, ६, ३, आणि टोकाला एकच, पांढरा. सात मजले, १०८ रंग. १७७२ मध्ये ते पुस्तक आलं, रंगांचा पिरॅमिड.

आपल्या सॉफ्टवेअरमधलं रंग निवडायचं चक्र आठवा. कडेने रंग फिरतो, एका दिशेला फिका होतो, एका दिशेला गडद, आणि कुठलाही रंग तीन आकड्यांत सांगता येतो. हे त्या पिरॅमिडच्याच घराण्यातलं. एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवायचा, मी तिथेच घसरले होते. लॅम्बर्ट रंग कालवत होता आणि कालवले की रंग गडद होत जातात. स्क्रीनवर लाल, हिरवा, निळा उजेड मिसळतो आणि मिसळला की उजळ होत जातो. पोस्टर कलरच्या सवयीने स्क्रीनवर लाल अधिक हिरवा केलात तर चिखल नाही, पिवळा मिळतो.

आणि हा पिरॅमिड कोणासाठी होता? चित्रकार आणि रंगारी आलेच, पण कापडाच्या व्यापाऱ्यालाही त्याचा उपयोग व्हावा असं लॅम्बर्टने लिहून ठेवलं, म्हणजे आपल्या दुकानात कोणत्या छटा आहेत आणि कोणत्या नाहीत ते त्याला बघता येईल. चव्वेचाळीस वर्षांचा, ॲकॅडमीचा सभासद, आणि त्याच्या डोळ्यासमोर कापडाचं दुकान! रूम पार्टनरने हे दोनदा वाचायला लावलं. मग तिने तिची सुटकेस उघडली. आईने पाठवलेल्या कापडाच्या चिंध्या त्यात होत्या, उशीचा अभ्रा शिवायला. त्यातली एक हिरवी सुती चिंधी घेऊन ती खिडकीशी गेली आणि पडद्याचा रंग कसा असायला हवा ते मला सांगायला लागली. निळा कमी कर. अजून. आता मळका कर थोडा, आपला पडदा दोन वर्षं धुतलेला नाही.

ताट मात्र लॅम्बर्टच्या नियमाने होईना. मॅट करड्या रंगाचं ताट सिमेंटचं दिसायचं. कारण धातू उजेड सगळीकडे सारखा फेकत नाही, आरशासारखा परतवतो, आणि त्याचा स्वतःचा असा मॅट रंग जवळजवळ नसतोच. त्यात जे दिसतं ते आजूबाजूचं. आमचं ताट काळं दिसत होतं कारण मेसला छतच काढलं नव्हतं! छत आणि ट्यूबलाईट टाकल्यावर ताट स्टीलचं झालं. जगासाठी फाँग मटेरियल घेतलं. लॅम्बर्टनंतर दोनशेहून जास्त वर्षांनी, १९७३ मध्ये, अमेरिकेत युटा युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणाऱ्या बुई तुओंग फाँगने लॅम्बर्टचा मॅट उजेड तसाच ठेवून त्यात चकाकीची एक टर्म मिळवली. तिच्यातला घात वाढवला की चकाकीचा ठिपका लहान आणि तीक्ष्ण होतो. हानोईत जन्मलेला फाँग १९७५ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, रक्ताच्या कॅन्सरने गेला. त्याचं आडनाव बुई. म्हणजे सगळं जग त्याला पहिल्या नावाने हाक मारतं, जशी आपण वर्गात मारतो. प्लास्टिकच्या चकाकीचा ठिपका पांढरा ठेवायचा, वस्तूच्या रंगाचा नाही, हे जगाच्या बाबतीत कळलं आणि तिथे मात्र मी खूश झाले, कारण ते मी स्वतः शोधलं.

रूम पार्टनरला पैठणीच्या धूपछांव पदराचं मटेरियल करायचं होतं. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे हलवलं की रंग बदलतो. तिथे लॅम्बर्टही चालत नाही आणि फाँगही. ते आमच्या आठ दिवसांत बसलं नाही.

लॅम्बर्टने लग्न केलं नाही. बर्लिनमध्ये तो शेवटपर्यंत लिहीत राहिला. क्षयाने २५ सप्टेंबर १७७७ ला गेला, वय ४९. उष्णता मोजण्यावरचं त्याचं पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी आलं.

दुसऱ्या सबमिशनला प्रेझेंटेशन तिने केलं. मराठीत सुरू केलं, मध्ये इंग्लिश, परत मराठी. लॅम्बर्टचं नाव सरांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. सरांनी आम्हाला २५ पैकी १९ दिले. छताच्या कोपऱ्यात सावली चुकली होती म्हणून सहा गेले, ते बरोबरच गेले. एम-थ्रीचा रिझल्ट अजून यायचाय. तो फॉर्म तिच्या फाईलमध्ये तसाच आहे, कारणाचा रकाना मोकळा. मी रोज बघत नाही, पण स्टेपलर लागला की दिसतो.

हा लेख तिने तपासून दिला. माझे ळ आणि ल तिने सगळीकडे नीट केले. अभ्रा हा शब्द तिचाच, मी पिलो कव्हर लिहिलं होतं.